डोळ्यात मावणारा थेंब आणि बाटलीत उरणारे औषध

प्रतिजैविक असलेल्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली जेमतेम 3 ते 5 मिलिलिटरची असते, आणि एवढ्याशा औषधाला इतके पैसे कशाचे, हा प्रश्न औषधाच्या दुकानात अनेकांना पडतो. द्रावणात मूळ औषध फारच थोडे असते. टोब्रामायसिन सहसा 0.3 टक्के, तर मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल सहसा 0.5 टक्के. किमतीत मोठा वाटा असतो तो निर्जंतुक उत्पादनाचा, कारण गोळीसोबत पोटात गेलेले थोडेफार जंतू जठरातील आम्लात बहुधा मरतात, पण डोळ्यात थेट पडणाऱ्या थेंबातून ते गेले तर दृष्टीवरच बेतू शकते. 2023 साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या दूषित थेंबांमुळे, बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या स्युडोमोनास जिवाणूचा संसर्ग पसरला. त्यात काहींची दृष्टी गेली आणि काही जण दगावले. स्वस्त जेनेरिक थेंब डॉक्टरांना विचारून घ्यायला काहीच हरकत नाही, मात्र औषध, त्याची टक्केवारी आणि बाटलीचे सील या तीन गोष्टी पाहूनच ते घ्यावेत.

खरी उधळपट्टी होते ती घरी आल्यावर. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो, तर खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत फार तर 30 मायक्रोलिटर द्रव मावतो. म्हणजे पहिल्या थेंबातलेच काही औषध गालावर ओघळते, आणि ‘असू द्या’ म्हणून लागोपाठ घातलेला दुसरा थेंब जवळजवळ पूर्ण वाया जातो. उरलेले अश्रूंच्या नळीतून नाकात आणि घशात उतरते. थेंब घातल्यावर जिभेवर कडवटपणा जाणवतो तो त्यामुळेच. यावर उपाय बिनखर्चाचा आहे. हात धुवून, खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब घालावा, डोळा न चोळता मिटून घ्यावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी लावावे. बाटलीचे टोक पापणीला टेकू देऊ नये. एकदा टेकले की डोळ्यातले जंतू बाटलीत शिरू शकतात.

आता थोडा हिशेब. एका मिलिलिटरचे 20 थेंब धरले, तर 5 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 100 थेंब असतात. एका डोळ्यात दिवसातून तीन वेळा, सात दिवस घातले तरी लागतात फक्त 21. पैसे मोजून आणलेले औषध असे उरले की ते ठेवून देण्याचा, पुढच्या वेळी कोणाचाही डोळा लाल झाला की काढण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते या औषधाच्या वापरातली सर्वांत घातक सवय हीच आहे. अनेक बाटल्या उघडल्यानंतर चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहावी. शिवाय प्रौढांमध्ये डोळे येण्याचे बहुतेक प्रकार विषाणूंमुळे किंवा ॲलर्जीमुळे होतात, आणि त्यांवर प्रतिजैविकाचा काही उपयोग होत नाही.

त्याहून धोकादायक ठरतात ते प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब. स्टेरॉइडमुळे लाली झटपट उतरते आणि रुग्णाला औषध लागू पडल्यासारखे वाटते. पण आत नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूने बुबुळाला जखम केलेली असेल, तर ती याच औषधाने चिघळते. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणूनच नाव सारखे दिसले तरी लेबलावर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेले आहे का, हे तपासावे. कानाचे थेंब मात्र डोळ्यात कधीच घालू नयेत.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर घरची बाटली शोधत बसू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर लेन्स लगेच काढून सोबतच न्यावी, कारण बुबुळाच्या जखमेतून आणि त्या लेन्सवरून नमुना घेऊन कोणता जंतू आहे हे तपासता येते, आणि आधीच घातलेल्या थेंबांमुळे तो सापडणे अवघड होते.