एका बॅकस्लॅशची दहा वर्षं

२६ जानेवारी २०२१ रोजी सुडोची, म्हणजे लिनक्सवर दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या प्रोग्रामची, १.९.५पी२ ही आवृत्ती आली आणि लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांची अपडेटसाठी धावपळ उडाली. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सापडलेली चूक जुलै २०११ पासून कोडमध्ये होती. सुडोअर्सच्या, म्हणजे सुडो वापरायची परवानगी असलेल्यांच्या, यादीत नाव नसलेला साधा वापरकर्ताही पासवर्डशिवाय रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊ शकत होता.

सुडो मुळात १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी बफेलोच्या विद्यापीठात लिहिलं. ठरावीक लोकांना रूटचा पासवर्ड न सांगता रूटची कामं करू द्यायची, एवढाच हेतू. पण त्यासाठी हा प्रोग्राम स्वतःच रूटच्या अधिकाराने सुरू होतो, त्यामुळे त्यातली मेमरीची चूक फार महागात पडते.

अशा चुकांचा धोका जुनाच. १९८८ च्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये (मजकूर ठेवायला राखलेल्या मेमरीच्या तुकड्यात) ५३६ बाइट कोंबले होते. तिथे लांबी तपासलीच जात नव्हती.

सुडोतली गोष्ट जास्त बारीक. कमांड शेलमधून चालवायला सांगणारा हायफन एस हा पर्याय दिला की कोडचा एक भाग विशेष चिन्हांआधी बॅकस्लॅश (\) लावायचा, दुसरा भाग ते काढून मजकूर बफरमध्ये उतरवायचा. काढणाऱ्याचा भरवसा लावणाऱ्यावर. पण तोच प्रोग्राम सुडोएडिट या फाइल संपादनासाठीच्या नावाने चालवला की हायफन एस चालून जाई आणि लावण्याची पायरी मात्र गळे. शेवटी एकटा बॅकस्लॅश दिला, की काढणारा लूप मजकूर संपल्याची शून्य बाइटची खूण ओलांडून पुढचं वाचत सुटे आणि हीपवरच्या (प्रोग्रामला चालताना मिळणाऱ्या मेमरीतल्या) बफरबाहेर लिहीत जाई. पुढे असत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, वापरकर्त्याने प्रोग्रामला दिलेली नावं-मूल्यं, म्हणजे काय लिहिलं जाणार तेही हल्लेखोराच्याच हातात!

‘निष्काळजीपणा’ म्हणून हे झटकणं मला पटत नाही. सुडो सांभाळणारे टॉड मिलर हे १९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलेल्या स्ट्रएलकॉपी या फंक्शनचे एक कर्ते. बफरबाहेर न लिहिता मजकूर उतरवण्यासाठीच ते फंक्शन आहे. इथे मात्र लूप हाताने लिहिलेला होता आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या फाइलींत.

दुरुस्ती दोन्हीकडे झाली. सुडोएडिट आता हायफन एस स्वीकारत नाही, आणि लूपही बॅकस्लॅशनंतर शून्य बाइट आहे का ते आधी पाहतो. आपली आवृत्ती सुधारलेली आहे का हे बघायला सुडोएडिटला हायफन एस आणि नुसता स्लॅश देऊन पाहावं: वापराची माहिती छापली गेली तर ठीक, सुडोएडिटच्या नावाने सुरू होणारी त्रुटी आली तर अपडेट बाकी आहे.