ट्रिस्टान उंट इझोल्ड : मैफलीतील प्रयोग

रिखार्ट व्हाग्नर (1813–83) याच्या ‘ट्रिस्टान उंट इझोल्ड’ या तीन अंकी शोकान्त ऑपेराचे नेपथ्य, वेशभूषा व अभिनय वगळून सभागृहातील मंचावर केलेले सादरीकरण. वाद्यवृंद मंचावरच बसतो आणि गायक बहुधा संचालकाच्या जवळ उभे राहून, कधी समोर संहिता ठेवून, गातात. संपूर्ण संगीत सुमारे चार तासांचे असते. ट्रिस्टान व इझोल्ड या प्रेमिकांची मूळ कथा मध्ययुगीन आहे. व्हाग्नरचा मुख्य आधार गोटफ्रीट फोन श्ट्रासबुर्ग याचे साधारणपणे 1210च्या सुमारास रचलेले काव्य हा मानला जातो.

संपूर्ण ऑपेराचा पहिला प्रयोग म्यूनिक येथे 10 जून 1865 रोजी हान्स फोन ब्यूलो याच्या संचालनाखाली झाला. त्याआधी व्हिएन्नात सत्तरहून अधिक तालमी होऊन प्रयोग सोडून द्यावा लागला होता. मात्र या कृतीतील वाद्यसंगीत श्रोत्यांनी त्यापूर्वीच ऐकलेले होते, तेही मैफलीत. त्यामुळे मैफलीतील प्रयोग ही रंगमंचाची सोय नसताना काढलेली पळवाट होय, हे मत टिकत नाही.

*पूर्ववादनाच्या समाप्तीचा प्रश्न.* ऑपेरात पूर्ववादन (पडदा उघडण्यापूर्वीचे वाद्यसंगीत) संपत नाही. ते चेलो व डबल बास यांच्या मंद्र स्वरांत विरते आणि पडदा उघडताच खलाशाचे साथीविना गीत सुरू होते. मैफलीत ते स्वतंत्रपणे वाजवायचे तर शेवट जोडणे भाग पडते. ब्यूलोने मार्च 1859 मध्ये प्राग येथे स्वतः रचलेला शेवट जोडून ते सादर केले. दुसऱ्या अंकाच्या वाद्यलेखनावर व्हाग्नरचा हात तेव्हा व्हेनिसमध्ये अजून फिरत होता आणि तिसऱ्या अंकाच्या स्वररचनेला सुरुवातही झालेली नव्हती. ही रचना पुरी झाली ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लूसर्न येथे. ब्यूलोचा शेवट व्हाग्नरला रुचला नाही. डिसेंबर 1859 मध्ये त्याने स्वतःचा शेवट लिहिला व त्याची प्रत आपली स्नेही, कवयित्री माटिल्डे वेझेनडोंक हिला पाठवली. हा शेवट ए मेजर या स्वरश्रेणीत असून त्यात तिसऱ्या अंकाच्या अखेरचे सूर आधीच डोकावतात. 25 जानेवारी 1860 रोजी पॅरिसच्या मैफलीत तो वाजवला गेला. श्रोत्यांत बसलेल्या फ्रेंच संगीतकार बेर्लिओझने आपल्याला या पूर्ववादनाचा अर्थ लागला नाही असे लिहिले.

पुढे व्हाग्नरने पूर्ववादनालाच ऑपेराचा अखेरचा प्रवेश जोडला आणि त्यातील नायिका इझोल्डचा गायनभाग वगळला. ही जोडणी प्रथम केव्हा वाजली याबद्दल सामान्यतः 1863च्या सेंट पीटर्सबर्ग येथील मैफलीचा निर्देश केला जातो. आज कार्यक्रमपत्रिकांत अखेरच्या भागाला ‘लीबेसटोड’ (प्रेममृत्यू) म्हणतात. व्हाग्नरने हे नाव पूर्ववादनाला दिले होते. अखेरच्या भागाला ते चिकटले त्यामागे संगीतकार लिस्टने 1867 मध्ये केलेले पियानोरूपांतर असावे. संगीताच्या दृष्टीने ही जोडणी सयुक्तिक असली, तरी तिची एक किंमत आहे. पूर्ववादनात अधांतरी राहिलेला स्वरताण ऑपेरात जवळजवळ चार तासांनी, शेवटच्या बी मेजरमध्ये सुटतो. जोडणीत तो सतरा-अठरा मिनिटांत सुटतो. आवाज वगळूनही हा भाग अपुरा वाटत नाही, कारण मुख्य चाल वाद्यवृंदाकडेच आहे.

*ट्रिस्टान कॉर्ड.* आरंभी चेलो एकटे चढतात आणि दुसऱ्या मापात ओबो, क्लॅरिनेट, इंग्लिश हॉर्न व बासून ही फुंकवाद्ये मिळतात, तेव्हा एफ, बी, डी शार्प व जी शार्प हे स्वर एकत्र येतात. हीच ट्रिस्टान कॉर्ड (एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह). या स्वरसमूहावर स्वतंत्र ग्रंथसंपदाच तयार झाली आहे. एका मताने जी शार्प हा ए या स्वराकडे झुकणारा पाहुणा स्वर असून मूळ रचना ए मायनरमधील फ्रेंच सिक्स्थ (ताण निर्माण करणारा एक रूढ स्वरसमूह) आहे. दुसऱ्या मताने ही स्वतंत्र कॉर्ड आहे. संगीतशास्त्रज्ञ एर्न्स्ट कुर्टने 1920 मध्ये तिच्यात रोमँटिक स्वरसंवादाच्या अरिष्टाची सुरुवात पाहिली. बेथोव्हेनच्या ओपस (कृतिक्रमांक) 31, क्र. 3 या पियानो सोनाटात हेच स्वर आढळतात, परंतु तेथे त्यांचे कार्य वेगळे आहे. त्यामुळे उगमाचा वाद काहीसा निष्फळ वाटतो. ऐकताना पहिले मत अधिक पटते.

*सभागृहातील अडचणी.* व्हाग्नरने स्वतः उभारलेल्या बाय्रॉइट येथील नाट्यगृहात वाद्यवृंद झाकलेल्या खड्ड्यात असतो. तेथे ‘ट्रिस्टान’ प्रथम 1886 मध्ये झाला. सभागृहात तीन ट्रॉम्बोन व ट्यूबासह सगळा ताफा गायकांच्या पाठीशी मोकळा बसतो, म्हणून संचालकाला नाद सतत आवरावा लागतो. पडद्यामागची वाद्ये कोठे ठेवायची हेही ठरवावे लागते : दुसऱ्या अंकातील शिकारीची हॉर्न आणि तिसऱ्या अंकात मेंढपाळाची लांबलचक, साथविरहित धून वाजवणारे इंग्लिश हॉर्न. ही वाद्ये बहुधा सज्जात किंवा दाराआड ठेवतात. ट्रिस्टानची भूमिका गाणाऱ्या टेनरला (उंच पट्टीच्या पुरुष गायकाला) मात्र अभिनयाचा भार नसल्याने थोडा दिलासा मिळतो. पहिला ट्रिस्टान लुटविग श्नोर हा चार प्रयोगांनंतर काही आठवड्यांतच वारला आणि भूमिकेच्या ताणाने गेला अशी वदंता पसरली.

उल्लेखनीय प्रयोगांत अमेरिकी संचालक लेनर्ड बर्नस्टाइनने 1981 मध्ये म्यूनिक येथे जानेवारी, एप्रिल व नोव्हेंबरमध्ये एकेक अंक करून केलेला प्रयोग येतो. त्याची लय इतकी विलंबित की काही समीक्षकांना ती सोसवली नाही. 2004 मध्ये लॉस एंजेलिस येथे संचालक एसा-पेक्का सालोनेन, दिग्दर्शक पीटर सेलर्स व व्हिडिओकलाकार बिल व्हायोला यांनी दर संध्याकाळी एक अंक असा, व्हिडिओचित्रांसह प्रयोग केला. 27 जुलै 2013 रोजी लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीतमहोत्सवात सेम्योन बिचकोव्ह याने, तर 2018 मध्ये क्लीव्हलंड येथे फ्रान्झ वेल्झर-म्योस्ट याने संपूर्ण कृती सादर केली.

मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी 1998 मध्ये म्यूनिकच्या ऑपेरागृहात ‘ट्रिस्टान’चे संचालन केले. मैफलीच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव 1981च्या तेल अवीव येथील प्रसंगाशी जोडले जाते. व्हाग्नरचे ज्यूविरोधी लेखन व नाझींनी केलेला त्याचा गौरव यांमुळे 1938 पासून तेथील वाद्यवृंदाने त्याचे संगीत वगळले होते. मेहतांनी ‘लीबेसटोड’ अधिकचा भाग म्हणून वाजवायला घेतला आणि सभागृहात गदारोळ झाला. संचालक डॅनियल बारेनबॉइमने 2001 मध्ये जेरुसलेम येथे याच ऑपेरातील संगीत वाजवण्यापूर्वी श्रोत्यांशी चर्चा केली. काही जण दारे आपटत निघून गेले, बहुतेक बसून राहिले.