फोनला पिकअप कळत नाही, रेटा कळतो

नवी गाडी आली की आठवड्याभरात ओळखीच्यांच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येतो. शून्य ते शंभर : ११.२३ सेकंद. खाली इंजिनाची अश्वशक्ती, कमाल त्वरण, ब्रेक लावल्यावर कापलेलं अंतर, सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत. कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा आपली गाडी पाऊण सेकंदाने चपळ निघाली की मालक खूश होतो आणि चर्चा तिथेच संपते. मला ही ॲप्स मनापासून आवडतात. शाळेच्या प्रयोगशाळेत कधी बघायला न मिळालेलं उपकरण आज प्रत्येकाच्या खिशात आहे, ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच त्या उपकरणाच्या पोटात नेमकं काय मोजलं जातं हे कळायला हवं. फोन गाडीचं त्वरण मोजतच नाही. तो दुसरंच काहीतरी मोजतो, आणि ते दुसरं काहीतरी फार सुंदर आहे.

फोनमध्ये दोन-तीन मिलिमीटर लांबीरुंदीची एक चिप असते : ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरणमापी. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच पातळ स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ठोकळ्याच्या कडांना दात असतात आणि चिपच्या चौकटीलाही दात असतात. दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात तसे हे दात एकाआड एक बसवलेले असतात. त्यांच्यात जेमतेम एक-दोन मायक्रॉनची फट. दोन शेजारचे दात मिळून एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, तयार होतं. फोनला पुढे रेटलं की चौकट पुढे जाते आणि जडत्वामुळे ठोकळा किंचित मागे रेंगाळतो. एका बाजूची फट कमी होते, दुसरीकडची वाढते, धारकता (म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि शेजारचं इलेक्ट्रॉनिक सर्किट तो बदल मोजतं. ठोकळ्याची ही हालचाल नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. अशी रचना तीन दिशांसाठी असते. एअरबॅग कधी फुगवायची हे ठरवायला १९९० च्या दशकात अशा चिपा मोटारींमध्ये बसू लागल्या. फोनमध्ये त्या नंतर आल्या, मुख्यतः पडदा उभा-आडवा करण्यासाठी.

आता एक प्रयोग करा. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने २०१६ साली आणलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनवर घ्या, त्यातलं गुरुत्वासहित त्वरण दाखवणारं पान उघडा आणि फोन टेबलावर निवांत ठेवा. फोन जागचा हलत नाही, तरी पडद्यावर ९.८ मी/से² च्या आसपासचा आकडा दिसतो, आणि तो वरच्या दिशेने! फोन गादीवर हातभर उंचीवरून सोडा. तो खरोखर ९.८ ने खाली येत असतो, पण तेवढ्या वेळात आकडा शून्याजवळ येतो. म्हणजे स्थिर असताना त्वरण दिसतं आणि पडताना दिसत नाही.

याचं कारण ठोकळ्यात आहे. टेबल फोनच्या चौकटीला खालून वर रेटतं. ठोकळा स्प्रिंगांवर लोंबतो, खाली झुकतो. चिपच्या दृष्टीने ही स्थिती आणि ‘कुणीतरी फोनला ९.८ ने वर नेतंय’ ही स्थिती सारखीच. पडताना मात्र चौकट आणि ठोकळा एकाच वेगाने पडतात, स्प्रिंग ताणली जात नाही, म्हणून शून्य. ही चिपची खोट नाही, ती महाग घेऊन सुधारणारही नाही. घरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणार नाही, हा विचार आइन्स्टाइनला १९०७ साली सुचला आणि त्यातून पुढे सामान्य सापेक्षतावाद उभा राहिला. बंद खोलीत बसून ‘मला गुरुत्व खेचतंय की खोलीच वर पळतेय’ हे ओळखता येत नाही. फोनमधला ठोकळा अशा बंद खोलीतच बसलेला आहे. त्याला फक्त रेटा कळतो : प्रत्येक किलोमागे किती न्यूटन.

आता हा फोन गाडीत ठेवू. तो अगदी आडवा असेल, तर ९.८ पूर्णपणे वरच्या अक्षावर जातो आणि पुढच्या अक्षावर गाडीचा रेटा तेवढा उरतो. पण फोनचं पुढचं टोक एका अंशाने उचललं गेलं, तर ९.८ चा थोडा भाग पुढच्या अक्षात मिसळतो. किती? ९.८ गुणिले एका अंशाची साइन, म्हणजे ०.१७ मी/से². एक अंश म्हणजे सोळा सेंटीमीटरच्या फोनच्या एका टोकाखाली जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा. टेबलावर करून बघा, आकडा लगेच हलतो.

जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागच्या चाकांवर बसते आणि बोनेट वर येतं. अंश-दीड अंश सहज. समजा एखादी गाडी शून्यावरून शंभर किलोमीटरला पोचायला खरोखर १२ सेकंद घेते. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, तेव्हा सरासरी त्वरण २.३ च्या जरा वर. त्यात बोनेट उचलल्याचे ०.१७ मिळवा, ॲपच्या हिशेबात ते जवळपास २.५ होतं आणि वेळ येते ११.२ सेकंद. पाऊण सेकंद असा मिळतो! ब्रेक लावला की उलट होतं, बोनेट खाली जातं, पण चूक तेव्हाही गाडीच्या बाजूनेच होते, कारण गुरुत्वाचा तुकडा आता ब्रेकच्या रेट्यात मिसळतो. अश्वशक्तीचा आकडा तर आणखी फुगतो. शक्ती म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले वेग. त्वरण सात टक्के जास्त, त्यावरून काढलेला वेगही सात टक्के जास्त, म्हणून शक्ती पंधरा टक्के जास्त. नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाला ॲप एकशे तीन-चार अश्वशक्ती देऊन टाकतं.

हीच फसगत आपल्या कानातही होते. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक एका मऊ थरावर बसलेले असतात. डोकं कलतं किंवा शरीराला रेटा मिळतो तेव्हा ते सरकतात. कललं की रेटलं, हा फरक त्यांनाही कळत नाही. अंधाऱ्या रात्री समुद्रावर उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला विमान वेग घेताना नाक फार वर गेल्यासारखं वाटतं, आणि ते खाली दाबण्याच्या नादात अपघात झालेले आहेत. म्हणून शरीराच्या जाणिवेवर न जाता उपकरणांवर विश्वास ठेवण्याचं प्रशिक्षण वैमानिकांना दिलं जातं.

मग ॲप बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही का? आहे. फोनमध्ये जायरोस्कोप असतो, तो फोन किती वळला-कलला ते सांगतो. त्यावरून गुरुत्वाची दिशा धरून ठेवायची आणि वजा करायची. अडचण अशी की जायरोच्या मोजणीतली बारीक चूक साचत जाते, म्हणून सॉफ्टवेअर तिला अधूनमधून त्वरणमापीचा आधार घेऊन दुरुस्त करतं. म्हणजे ज्याची चूक सुधारायची त्यालाच साक्षीदार करायचं! रेटा सेकंद-दोन सेकंदांचा असेल तर निभावतं. दहा-बारा सेकंद सलग रेटा मिळाला की काही सॉफ्टवेअर ‘फोन कललेला दिसतोय’ असं समजून खऱ्या त्वरणाचाच काही भाग गुरुत्व म्हणून वजा करू लागतं. आलेख आधी वर जातो आणि इंजिन तितकंच ओढत असतानाही हळूहळू खाली झुकतो.

यावर उतारा जीपीएसचा. उपग्रहाकडून येणारा संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो. तुम्ही ताशी शंभरने थेट उपग्रहाच्या दिशेने निघालात तर डॉप्लर परिणामामुळे ती वारंवारता १४६ हर्ट्झने वाढते. उपग्रहाच्या स्वतःच्या गतीमुळे होणारा बदल याच्या कितीतरी पट असतो, पण तो गणिताने काढून टाकता येतो. अशा अनेक उपग्रहांच्या बदलांवरून मोकळ्या आकाशाखाली फोन वेग अगदी चांगला काढतो, आणि ही चूक साचत नाही. पण बहुतेक फोन हा वेग सेकंदातून एकदाच सांगतात. गाडी नेमकी कोणत्या क्षणी सुटली हे त्या एका सेकंदात हरवतं. त्वरणमापी चपळ पण भरकटणारा, जीपीएस स्थिर पण संथ. दोघांच्या मोजणीला त्यांच्या खात्रीनुसार वजन देऊन मेळ घालण्याची रीत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडली. अपोलो यानांच्या मार्गनिर्धारणातही ती वापरली गेली. चांगली ॲप्स आज तेच गणित करतात.

कंपनाचा मुद्दाही सांगायलाच हवा. चार सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमवर सेकंदाला शंभर ठोके देतं. फोनही सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल, तर प्रत्येक नोंद कंपनाच्या त्याच टप्प्यावर पडते आणि कंपन चक्क सलग त्वरणासारखं दिसू लागतं. चिपमध्ये गाळणी असते, ती यातलं बरंचसं अडवते, सगळं नाही. दुचाकीच्या हँडलला फोन लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : अशा तीव्र कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ साली दिला आहे.

‘काट्यावर बघून स्टॉपवॉच लावलं’ हा पर्याय तर सगळ्यात वाईट. युनोच्या नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला मनाई आहे, जास्त दाखवायला मात्र मुभा आहे : खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इतकी. काट्यावर शंभर दिसताना गाडी नव्वदीतच असू शकते.

मग या ॲपचा उपयोग काय? तुलना! फोन त्याच जागी, दोन सीटच्या मधे जमिनीवर घट्ट बसवून, तोच रस्ता, तेवढीच माणसं, तोच गिअर, ताशी ३० ते ५०. चूक दोन्ही वेळा सारखीच होते आणि फरक खरा निघतो. टायरमधली हवा, तुंबलेला एअर फिल्टर, एसी चालू-बंद, सगळं दिसतं. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं, लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची ‘पॉवर वाढवणारी’ डबी हे प्रकारही तपासा. ते बसवलंय की नाही हे चालवणाऱ्याला कळू देऊ नका, बसवणारा आणि चालवणारा वेगळा ठेवा. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की त्याने ज्वलन बदलत नाही. इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरच्या आसपास साधनं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासली आणि बहुतेकांचा काहीही उपयोग दिसला नाही. हजार-दोन हजार रुपये घालवल्यावर गाडी हलकी पळाल्यासारखी वाटते ती मनाला. ठोकळ्याला त्या रुपयांचं काही देणंघेणं नसतं. आणि हे रस्त्यावर शर्यतीसारखं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. त्यासाठी इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्ससारखे चाचणीमार्ग बांधलेले आहेत.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र गाडी न चालवताच करता येतो. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीत कर्जतला फोन डब्याच्या जमिनीवर लांबीच्या दिशेने ठेवा. स्थानकात रूळ जवळजवळ सपाट असतात. तिथला आकडा शून्य धरा आणि मग फोन हलवू नका. पळसदरी गेल्यावर भोर घाटाचा १ : ३७ चा चढ लागतो, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर वर. गाडी एकाच वेगाने चढत असते, काटा हलत नाही, म्हणजे त्वरण शून्य. फोन मात्र पुढच्या दिशेने ०.२६ दाखवतो, कारण ९.८ भागिले ३७ म्हणजे तेवढंच. ज्याला आपण इतका वेळ चूक म्हणत होतो ती इथे चूक नाही : गाडी मागे घसरू नये म्हणून इंजिनं प्रत्येक किलोमागे जो रेटा देतात, तोच फोन मोजतोय. गाडी घाटात सिग्नलला थांबली तरी आकडा तोच राहील, कारण तेव्हा तेवढाच रेटा ब्रेक देतात. हजार टनांच्या गाडीसाठी हा रेटा २६५ किलोन्यूटन होतो, सत्तावीस टनांचं ओझं सरळ उभं उचलण्याएवढा. वळणांवरचं घर्षण त्यात धरलेलंच नाही. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं का जोडतात ते या आकड्यावरून कळतं. डबा हलत असतो, तेव्हा एकेका नोंदीकडे न बघता मिनिटभराची सरासरी घ्या.