अल्ट्रासॉनिक वेल्डिंग यंत्र : चालवताना आणि दुरुस्तीच्या वेळी घ्यायची काळजी

अल्ट्रासॉनिक वेल्डिंग म्हणजे सेकंदाला 15 ते 40 हजार वेळा थरथरणारा धातूचा हॉर्न दाबून प्लास्टिकचे दोन तुकडे (कधी पातळ धातूचे पत्रेही) जोडायचे. ठिणगी नाही, ज्वाला नाही, गम नाही. म्हणूनच गोव्यातल्या वेर्णे, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत नव्याने कामाला लागलेल्या पोरांना हे यंत्र साधं वाटतं, आणि खरा धोका तिथंच सुरू होतो.

पद्धतीचं मूळ कुठं धरायचं याबद्दल एकमत नाही. कोणी थेट 1880 पर्यंत मागे जातात, क्युरी बंधूंनी काही स्फटिक दाबल्यावर वीज तयार होते हे दाखवलं तिथपर्यंत. कोणी पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँपासून धरतात, ज्यांनी 1917 च्या सुमारास क्वार्ट्झ हा तसाच स्फटिक दोन पोलादी थरांमध्ये बसवला. धातू जोडायचं काम अमेरिकेत साधारण 1950 च्या आसपास सुरू झालेलं दिसतं. कडक प्लास्टिक जोडण्याचं श्रेय बहुतेक वेळा अमेरिकेतल्या रॉबर्ट सोलॉफना देतात, चिकटपट्टीच्या डिस्पेन्सरवर थरथरणारा प्रोब ठेवला आणि त्याचे दोन भाग जुळले अशी गोष्टही सांगतात, पण सोलॉफ आणि लिन्स्ली यांचं 1965 चं पेटंट हा त्याहून पक्का आधार. आजचा कन्व्हर्टर (विजेचं कंपन करून हॉर्नला देणारा भाग) मात्र लांजव्हँच्याच घडणीचा, फक्त क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिक चकत्या आल्या.

हा इतिहास दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाचा आहे. या चकत्यांना वीज दिली की त्या हलतात, आणि उलट त्यांना दाब, धक्का किंवा तापमानातला फरक मिळाला की त्याच वीज तयार करतात, त्यामुळे मेन स्विच बंद करून प्लग काढला तरी सुटा कन्व्हर्टर शॉक देऊ शकतो. जनरेटरकडून (यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून) त्याच्याकडे जाणारा व्होल्टेज हजारापर्यंत किंवा वरही जातो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. काही कंपन्या 2 मिनिटं थांबा म्हणतात, काही 5. 5 धरलेली बरी. त्यानंतर इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरने कन्व्हर्टरचा मधला कॉन्टॅक्ट त्याच्या धातूच्या अंगाला टेकवायचा, मगच हात लावायचा. चकत्यांमध्ये शिसं असतं, म्हणून फुटलेला कन्व्हर्टर घासायचा किंवा कोरायचा नाही.

हवेची लाईनही विसरू नये. हॉर्न धरणारं हेड हवेच्या दाबाने खाली येतं; वीज गेली तरी त्याच्या सिलिंडरमध्ये दाब राहतो आणि ते अचानक खाली येऊ शकतं, म्हणून व्हॉल्व्ह बंद करून आधी हवा सोडायची. पावसाळ्यात आपल्याकडे कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी जास्त येतं, तेव्हा फिल्टरची वाटी रोज रिकामी करायची.

चालू हॉर्नला हात लावू नये. तो हलताना डोळ्याला दिसत नाही, कारण हालचाल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात असते, पण पाण्याचा थेंब त्यावर पडला की क्षणात धुकं होऊन उडतो. बोट दाबलं गेलं तर त्याला भाजतं. म्हणून दोन्ही हातांनी एकदम दाबायची पाम बटणं असतात. त्यातलं एक टेपने दाबून ठेवणं हा गुन्हा समजावा.

आवाजाबद्दल गैरसमज फार. 20 किलोहर्ट्झचं कंपन बहुतेकांना ऐकू येत नाही, पण मोठा जॉब (जोडायचा तुकडा) त्याच्यासोबत कमी फ्रिक्वेन्सीत किंचाळतो. कानाला इयरमफ हवेच, शक्य तिथे यंत्राभोवती आवाज अडवणारी पेटीही. हॉर्न अचानक कर्कश झाला, तापायला लागला किंवा जनरेटर ओव्हरलोड दाखवायला लागला तर तडा गेल्याची शंका घ्यावी. पीव्हीसी जास्त तापलं तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ॲसिटल या प्लास्टिकमधून फॉर्मल्डिहाइड, म्हणून एक्झॉस्ट लागतोच.

स्टॅक (कन्व्हर्टर आणि हॉर्न यांची जोडणी) सोडवताना योग्य मापाचे दोन पाने (स्पॅनर) वापरायचे, कन्व्हर्टरची खोळ व्हाइसमध्ये धरायची नाही. परत बसवल्यावर, पहिलं बटण दाबण्यापूर्वी, हॉर्न फिक्स्चरच्या (जॉब धरणाऱ्या साच्याच्या) धातूला टेकत नाही ना ते हेड हाताने खाली आणून आणि मध्ये कागद घालून बघायचं. कागद अडकला तर अंतर वाढवायचं.