डिस्क वाकलीय म्हणे!

बोरघाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पायाखाली पेडल धडधडायचं. गॅरेजमध्ये गाडी नेली, तर चाक न काढताच निदान झालं : "पुढची डिस्क वाकलीय, जोडी बदलून टाकू." हे वाक्य इतकं रुळलंय की आपणही ते खरं मानतो. नवी डिस्क बसते, काही हजार किलोमीटर बरे जातात आणि थरथर परत येते. ती का परत येते हे कळलं, की कुठली डिस्क घ्यायची हा प्रश्न निम्मा सुटतो.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी गोल चकती. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळतात आणि चाक थांबतं. ही डिस्क असते बिडाची. घावन घालायचा जड, काळा तवा ज्याचा, तेच बीड. यात साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या होऊन लोखंडात विखुरलेला असतो. या पाकळ्यांमुळे तवा हातातून निसटला तर फुटतो. पण त्यांच्यामुळेच बीड उष्णता झपाट्याने वाहून नेतं, स्टेनलेस स्टीलच्या जवळपास तिप्पट. शिवाय ते कंपन गिळतं. स्टीलच्या पातेल्यावर उलथनं आपटा, खणखणतं. बिडाच्या तव्यावर आपटा, बद्द आवाज येतो. ब्रेक किंचाळू नये म्हणून हा बद्दपणाच हवा.

आता उष्णतेचा हिशेब. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. पुढची चाकं त्यातला ७० टक्के भार उचलतात आणि पुढच्या दोन डिस्क मिळून १० किलोच्या आहेत असं धरलं, तर त्या एका थांब्यात साधारण ७० अंशांनी तापतात. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण सुमारे ५५० मीटर खाली येतो. ती सगळी ऊर्जा ब्रेकवरच टाकली आणि वाऱ्याने काहीच थंडावा दिला नाही, तर हाच हिशेब हजार अंशांच्या आसपास जातो. तसं होत नाही, कारण वारा असतो आणि गिअरमधलं इंजिन गाडी ओढून धरतं. म्हणून घाटात गाडी न्यूट्रलला टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यात पेट्रोलही वाचत नाही : आजच्या इंजिनात गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाची फवारणी थांबते, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं. बंपरला लिंबू-मिरची बांधून घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे मी पाहिलेत. तापलेल्या डिस्कला त्या लिंबाचा काही उपयोग नाही.

मग एवढ्या उष्णतेने डिस्क वाकत नाही का? रोजच्या वापरात जवळजवळ कधीच नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे चाक काढून माझ्या डिस्कला डायल गेज, म्हणजे फिरत्या भागाची डगमग काट्यावर दाखवणारं माप, लावला. डिस्क हाताने फिरवली, तर काटा ०.१२ मिलिमीटर हलला. म्हणजे वाकलीच की! पण डिस्क काढली तर मागे हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या चाकाच्या मधल्या भागाच्या, तोंडावर गंजाचा पापुद्रा होता. तो वायर ब्रशने खरवडून तीच डिस्क परत बसवली. काटा हलला ०.०३. डिस्क वाकलेली नव्हती, तिरकी बसली होती. हबचा व्यास लहान आणि डिस्कचा जवळपास दुप्पट, त्यामुळे आतला कणभर गंज कडेला दुप्पट होऊन दिसतो.

नुसत्या तिरकेपणाने मात्र पेडल धडधडत नाही, कारण पॅड धरून ठेवणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, डिस्कबरोबर आडवा सरकू शकतो. खरा खेळ हळूहळू चालतो. डिस्क तिरकी असली की ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा एक भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटरमध्ये तो भाग इतरांपेक्षा पातळ होतो. मायक्रोमीटरने बारा ठिकाणी माझ्या डिस्कची जाडी मोजली, तर फरक निघाला ०.०२ मिलिमीटर. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी! पण ताशी ८० च्या वेगात चाक सेकंदाला बाराएक वेळा फिरतं. तितक्या वेळा जाड भाग पॅडला दाबणाऱ्या पिस्टनला मागे ढकलतो, पातळ भागावर तो पुढे येतो. ब्रेक ऑइलमधून तो धक्का पायाला लागतो आणि ब्रेकचा जोर कमी-जास्त होत राहिल्याने स्टिअरिंग थरथरतं.

दुसरी वाट पॅडच्या थराची. नीट चाललेल्या ब्रेकमध्ये पॅडच्या मटेरिअलचा अतिपातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. घाट उतरून तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलात, तर पॅडखाली तेवढ्याच जागी जाड ठसा उमटतो. पुढे तिथे घर्षण जास्त, म्हणून उष्णताही जास्त. ती जागा ७०० अंशांच्या घरात गेली, तर लोखंड आणि कार्बन यांचं सिमेंटाइट तयार होतं. हे इतकं कठीण असतं की भोवतालचं बीड झिजतं आणि ही गाठ तशीच उरते. ती खोलवरही जाते, म्हणून लेथवर डिस्क साफ करून आणली तरी काही दिवसांत उंचवटा पुन्हा डोकं काढतो.

माझ्या डिस्कची जाडी २०.३ मिलिमीटर उरली होती आणि किमान जाडी २० अशी तिच्यावरच कोरलेली होती. लेथवर चढवायला वाव नव्हता, नवीच घ्यायची होती. दुकानदाराने भोकं पाडलेली, खाचा असलेली 'रेसिंग' डिस्क पुढे केली. तापलेल्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट मिळावी म्हणून ही भोकं पूर्वी पाडली गेली. आजच्या पॅडना त्यांची तेवढी गरज नाही. रोजच्या गाडीत भोकं म्हणजे उष्णता साठवणारं बीड कमी, आणि भोकाच्या कडेला ताण एकवटून तडे जाण्याची सोय. जास्त पैसे देऊन वाईट डिस्क का घ्यायची?

मी मूळ मापाची, साधी, आत हवेच्या पोकळ्या असलेली डिस्क घेतली. फिरताना या पोकळ्या पंख्यासारखं काम करतात : मधून हवा ओढायची, कडेने बाहेर फेकायची. दोन कंपन्यांच्या डिस्क काट्यावर ठेवल्या आणि जड होती ती उचलली. मापं सारखी असताना वजन कमी भरलं, तर बीड कुठेतरी वाचवलंय एवढं नक्की. मधला भाग आणि कडा यांवर करडा गंजरोधक लेप असलेली मिळाली तर तीच घ्यावी, कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तर हमखास.

डिस्क जोडीनेच बदलावी आणि पॅडही नवे घालावेत. हब चकचकीत होईपर्यंत घासून घ्यायला सांगावं, स्वतः उभं राहून. माझ्या नव्या डिस्कवर डायल गेजचा काटा ०.०२ वर थांबला. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने दहाएक वेळा वेग उतरवला, दर वेळी मध्ये थोडं अंतर जाऊ दिलं आणि पूर्ण कुठेच थांबलो नाही, म्हणजे पॅडचा थर सगळीकडे सारखा बसावा. आता घाट उतरून सपाटीवर रांगेत थांबावं लागलं, की पाय पेडलवरून काढतो आणि हँडब्रेक ओढतो. तो मागच्या चाकांना लागतो. पुढच्या तापलेल्या डिस्क मोकळ्या राहतात.