बाटलीत जन्मणारा फेस : स्पेनच्या कावाची ओळख

स्पेनच्या फेसाळ वाइनला 'कावा' म्हणतात. गनिमी काव्याशी या नावाचा काही संबंध नाही. तिथल्या भाषेत कावा म्हणजे तळघर, जमिनीखालचं थंड आणि अंधारं. पेयाला तळघराचं नाव मिळालं, कारण त्याचा फेस आणि बरीचशी चव त्या तळघरातच तयार होते, तीही बंद बाटलीच्या आत.

सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड बाहेरून दाबून भरतात. कावात तसं नसतं. आधी द्राक्षाच्या रसापासून साधी, बिनबुडबुड्यांची पांढरी वाइन करतात. ती आंबटसर आणि जरा बेचवच लागते. मग ती बाटल्यांत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि वर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण ठोकतात. साखर लिटरला साधारण 24 ग्रॅम, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत 18 ग्रॅम, जेमतेम चार चमचे. यीस्ट ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. पावाच्या पिठाला फुगवणारं यीस्ट याच जातीचं. फरक एवढाच, की पावातला वायू जाळी पाडून निघून जातो आणि इथे त्याला वाटच नसते. तो वाइनमध्ये विरघळत राहतो.

त्या चार चमचे साखरेतून सुमारे 9 ग्रॅम वायू तयार होतो. मोकळा सोडला तर तो पाच लिटर जागा व्यापेल, बाटलीच्या सहापटीहून जास्त! म्हणून आतला दाब सहा वातावरणांच्या, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सहापटीच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये भरतात त्याच्या जवळपास तिप्पट. कावाची बाटली इतकी जाड आणि जड का, तिच्या बुडाला आत ढकललेला खळगा का आणि बुचावर तारेची जाळी का, या सगळ्यांचं उत्तर या एका आकड्यात आहे.

साखर संपली की यीस्टची उपासमार होते आणि ते मरून तळाशी बसतं. मला या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत विलक्षण वाटतो तो यापुढचा काळ. वरवर पाहता बाटलीत काहीच घडत नसतं. आत मात्र मेलेल्या पेशींमधली विकरं (एन्झाइम) त्या पेशींनाच हळूहळू विरघळवत असतात. त्यांतून अमिनो आम्लं सुटतात, पेशींच्या भिंतींमधली प्रथिनं आणि शर्करांच्या साखळ्या सुटतात. भाजलेल्या पावाचा, बदामाचा जो वास चांगल्या कावाला येतो, तो इथून येतो. फेस मऊ होतो आणि टिकतो, तोही यामुळेच. हे काम सावकाशीचं आहे आणि त्याला थंडावा लागतो, म्हणून तळघर. नियमानुसार कावा या गाळावर किमान 9 महिने राहावी लागते. 'रेसेर्वा' या वरच्या प्रतीसाठी 18 महिने, त्याहून वरच्या 'ग्रान रेसेर्वा'साठी 30.

मग तो गाळ काढायचा कसा? बाटली रोज थोडी थोडी फिरवत उलटी करत नेतात, म्हणजे गाळ घरंगळत मानेपाशी जमतो. पूर्वी हे हातानं चालायचं, आता बहुतेक ठिकाणी शेकडो बाटल्यांचे लोखंडी पिंजरे यंत्रानं फिरतात. नंतर बाटलीची मान शून्याखाली पंचवीसेक अंशांच्या द्रवात बुडवतात. गाळाचा बर्फ होतो, झाकण उडवलं की आतला दाबच तो बर्फाचा खडा बाहेर फेकतो. कमी झालेली वाइन भरून काढतात आणि मग खरं बूच बसतं.

हे सगळं मुख्यतः घडतं बार्सिलोनाच्या पश्चिमेला, पेनेदेस नावाच्या प्रदेशात. तिथल्या सान्त सादुर्नी या गावात 1872 मध्ये कोदोर्नीऊ घराण्यातल्या जुझेप राव्हेन्तोस यांनी फ्रान्समधल्या शॅम्पेनच्या पद्धतीनं पहिल्या बाटल्या केल्या. पद्धत फ्रेंच, पण द्राक्षं गावची : माकाबेओ, शारेल्लो आणि पारेयादा. पुढे 1887 मध्ये फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड पेनेदेसमध्ये पोचली आणि मळे उजाड झाले. अमेरिकी वेलींच्या खुंटांवर कलमं बांधून नवी लागवड झाली, तेव्हा काळ्या द्राक्षांच्या जागी बरीचशी पांढरी आली. आजच्या कावाचा पाया त्या संकटात घातला गेला.

स्पेनचे लोक तिला बरीच वर्षं शॅम्पेनच म्हणत. फ्रेंच उत्पादकांनी त्याला हरकत घेतली. 1960 मध्ये लंडनच्या न्यायालयानं 'स्पॅनिश शॅम्पेन' हे नाव वापरायला मनाई केली. कावा हे नाव रुळलं ते त्यानंतर, आणि 1986 मध्ये त्याला संरक्षित नावाचा दर्जा मिळाला. म्हणून कावाला 'स्वस्तातली शॅम्पेन' म्हणणं मला पटत नाही. द्राक्ष वेगळं, माती वेगळी, ऊन तर फारच वेगळं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत आपल्या नाशिकच्या काही वायनरीही वापरतात. त्यांच्या वाइनलाही आपण शॅम्पेनच्या मापानं मोजू नये.

पहिल्यांदा बाटली निवडताना एका शब्दाशी मात्र गफलत होते. 'सेको' म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरडी, वाइनच्या भाषेत गोडवा नसलेली, पण लेबलावर सेको असेल तर वाइन चांगलीच गोडसर असते, लिटरला 17 ते 32 ग्रॅम साखर. 'ब्रूत'मध्ये ती 12 ग्रॅमपर्यंत असते आणि 'ब्रूत नात्युर'मध्ये वरून अजिबात साखर घालत नाहीत. नवख्यानं ब्रूत रेसेर्वापासून सुरुवात करावी. गाळावरच्या दीड वर्षानं काय केलं, ते तिच्यात कळतं आणि साखर आड येत नाही.

उघडताना बाटली थंड हवी, सहा ते आठ अंश. थंड द्रवात वायू जास्त विरघळून राहतो, त्यामुळे दाब उतरतो. कोमट बाटलीचं बूच डोळ्याला इजा करू शकतं, म्हणून ते कुणाच्याही तोंडाकडे रोखू नये. तार सैल करतानाही अंगठा बुचावर ठेवावा. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवावी. नीट उघडली तर मोठा आवाज होतच नाही, नुसता सुस्कारा ऐकू येतो.

आणि ओतल्यावर थोडा वेळ नुसतं पाहावं. बुडबुडे ग्लासभर कुठूनही उठत नाहीत. ठरावीक बिंदूंमधून एकामागोमाग एक, दोऱ्यात ओवल्यासारखे वर येतात आणि वर येता येता मोठे होतात, कारण वाटेत त्यांच्यात आणखी वायू शिरत असतो. बहुतेकदा त्या बिंदूवर कापसाचा सूक्ष्म धागा असतो, पुसायच्या फडक्याचा किंवा हवेतून पडलेला. त्याच्या पोकळीत हवा अडकलेली असते आणि विरघळलेला वायू तिथेच गोळा होतो. फ्रान्समधल्या रँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ झेरार लिजे-बेलेर यांनी वेगवान कॅमेऱ्यानं हे दाखवून दिलं आहे. ग्लासाला ओरखडा नसेल आणि आत एकही धागा, एकही कण नसेल, तर तीच कावा त्यात साध्या वाइनसारखी निश्चल राहते, जवळजवळ सगळा वायू आतच ठेवून.