खडीचा आवाज की पाण्याचा पीळ?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, पंप दोन उन्हाळे कडकड वाजायचा, आत कुणी खडी भरडतंय असा. वैशाखात विहीर खाली जायची, त्यात फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाच्या, जाळीला पाला अडकलेला. शेवटी पंप उघडला, तर इंपेलरची, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाची, पाती चिऱ्यासारखी भोकाभोकांची झालेली! हे कॅव्हिटेशन. दाब फार उतरला की पाणी तापवल्याशिवायच वाफ धरतं, बुडबुडे होतात. पुढे दाब वाढला की ते बुडबुडे मिटतात, आणि त्या तडाख्याने धातूचे कण उडतात.

गोव्यात मोठं जलविद्युत केंद्र नाही, म्हणून माझा भाचा बाहेरच्या एका वीजघरात नोकरीला आहे. मागे त्याचा फोन आला, "मामा, टर्बाईनमधून तुमच्या पंपासारखा आवाज येतोय. कॅव्हिटेशनच ना? पण कंपनाचा मीटर तर सगळं ठीक दाखवतोय."

मी विचारलं, लोड किती, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या किती वीज काढताय? निम्म्याच्या थोडा वर. पायाखाली थरथर? आहे. मेगावॉटचा आकडा? खालीवर होतोय.

त्याचं टर्बाईन फ्रान्सिस जातीचं. त्याच्या रनरची, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या चाकाची, पाती जागच्या जागी वळवता येत नाहीत. लोड कमी असला की रनरमधून सुटलेलं पाणी गिरक्या घेतच ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे रनरखालच्या बाहेर जाणाऱ्या नळीत, उतरतं. तिथे त्याला सुंभासारखा पीळ पडतो आणि तो अख्खा पीळ नळीत गोल फिरत राहतो, रनरच्या वेगाच्या साधारण 0.2 ते 0.4 पट वेगाने. रनर मिनिटाला 300 फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला 5, तर पीळ सेकंदाला एक-दोनदाच फिरतो. हे कानाला कळत नाही, तळपायाला कळतं. घोटाळा होतो तो पुढे. पिळाच्या गाभ्यात दाब इतका कमी असतो की तिथेही वाफ धरते, आणि वरून ऐकू येते तीच खडखड.

हातातला साधा मीटर बहुधा 10 ते 1000 हर्ट्झमधलंच, म्हणजे सेकंदाला 10 ते 1000 वेळा होणारं, कंपन मोजतो. पीळ त्याच्या खाली, एक-दोन हर्ट्झवर. कॅव्हिटेशनचे तडाखे बरेचसे त्याच्या वर, कित्येक हजार हर्ट्झवर. दोन्ही दुखणी निसटतात आणि वहीत "नॉर्मल" लिहिलं जातं. मला याचीच भीती वाटते. पिळासाठी ड्राफ्ट ट्यूबवर दाबाचा सेन्सर हवा आणि शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, मध्यावर धरणाऱ्या गाईड बेअरिंगजवळ त्याची हालचाल टिपणारे प्रोब हवेत. कॅव्हिटेशनसाठी ड्राफ्ट ट्यूबच्या भिंतीवर उच्च वारंवारतेचा सेन्सर.

उपायही उलटसुलट पडू शकतात. लोड उतरवला की कॅव्हिटेशन कधी कधी शमतं, पण मशीन नेमकं पिळाच्या पट्ट्यात, म्हणजे ज्या लोडला पीळ पडतो तिथे, जाऊन बसतं. पिळाच्या पट्ट्यातून लोड बदलून बाहेर पडायचं असतं, किंवा ड्राफ्ट ट्यूबमध्ये हवा सोडायची. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया वीजघरात 17 ऑगस्ट 2009 रोजी 2 नंबरच्या युनिटचं झाकण उखडलं आणि 75 माणसं गेली. झाकणाचे बोल्ट कंपनाने थकून चिरलेले होते, आणि ते युनिट लोड बदलताना पुन्हा पुन्हा वर्ज्य पट्ट्यातून, म्हणजे ज्या लोडला चालवायचं नसतं त्यातून, नेलं जात होतं.

भाच्याने वरिष्ठांना विचारून लोड वाढवला. थरथर गेली, खडखडही गेली. पुढच्या शटडाऊनला त्याने आत उतरून पात्यांवरून बोट फिरवलं. गुळगुळीत होती.